खंडेनवमीचा पाहुणा

सोनटक्के साहेबांचं नाक हा आमच्या मुळशी तालुक्यातला एक स्वतंत्र विषय होता. भूगावच्या वळणावर त्यांची स्कूटर आली की त्यांना पिरंगुटात कुणाच्या डब्यात मेथी आहे आणि कुणाच्या डब्यात कालचं कालवण आहे ते कळायचं. आमच्या कॅन्टीनवाल्यानं एकदा कढईतलं तेल बदललं, म्हणजे बदललं नाही, तेव्हा साहेब दुसऱ्या मजल्यावरून खाली आले आणि कढईसमोर हात जोडून, मयताला उभं राहावं तसे उभे राहिले. कॅन्टीनवाल्याला तीन दिवस ताप होता. दिसायला मात्र ते नाक अगदी बेताचं. देवानं एवढं मोठं यंत्र एवढ्याशा पेटीत कसं बसवलं, याचं आम्हाला नवल वाटायचं.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला ते आमच्या कंपनीत परचेसला आले. आमची कंपनी ट्रॅक्टरच्या ब्रेकचे सुटे भाग करायची. करायची म्हणजे निम्मं आम्ही करायचो आणि निम्मं आजूबाजूच्या पत्र्याच्या शेडमधून करून घ्यायचो. कुणी ब्रॅकेट दाबून द्यायचा, कुणी बोल्ट कातून द्यायचा, कुणी त्यावर जस्ताचा मुलामा चढवायचा, ज्याला सगळे प्लेटिंग म्हणतात. यातलं कुठलं काम कुणाला द्यायचं, हे परचेसचा साहेब ठरवणार. त्यामुळं त्या खुर्चीला धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा मान. सोनटक्क्यांच्या आधीचे साहेब दिवाळीला घरी जाताना भेटवस्तूंनी जीप एवढी भरायचे की त्यांना स्वतःला एस्टीनं जावं लागायचं, असं म्हणतात. जीपचा ड्रायव्हर माझा मावसभाऊ होता, तेव्हा मी आपलं म्हणतात एवढंच म्हणतो.

सोनटक्के नांदेडकडचे. तिकडं 'का' म्हणायचं तर 'कामून' म्हणतात. पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांचं कामून सुटलं नाही आणि आम्ही पाठीमागं त्यांना कामूनसाहेब म्हणायला लागलो. जगातला कुठलाही परचेसवाला विचारतो, एवढं महाग का? हा माणूस दरपत्रक हातात घेऊन विचारायचा, "एवढं स्वस्त कामून?"

समोरचा गांगरायचा. स्वस्त का म्हणून आजवर त्याला बायकोनंसुद्धा विचारलेलं नसायचं.

"अहो, कुणाचं तरी कमी पडल्याशिवाय वस्तू स्वस्त होत नसती," साहेब म्हणायचे. "कुणाचं कमी पडलंय तेवढं बघून येतो."

आणि खरंच बघायला जायचे. शेडच्या मालकाच्या थंड केबिनमध्ये कधी बसायचे नाहीत. मागच्या अंगानं जायचे. पुढचं दार पाहुण्यांसाठी असतं, घर मागच्या दारानं कळतं, हा त्यांचा सिद्धांत. मी स्टोअर्सला. मला ते बरोबर न्यायचे ते माझ्या हुशारीसाठी नव्हे, मी इथल्या वाडीतला आणि बांधाबांधानं जाणाऱ्या सगळ्या वाटा मला ठाऊक, म्हणून. त्यांच्यामागं चिखल तुडवून माझ्या चपलांचे इतके जोड गेले की फाट्यावरच्या चांभारानं वरचा मजला चढवला.

त्यांचा खरा दिवस म्हणजे खंडेनवमी.

आमच्याकडच्या शेडमधून पूजा दसऱ्याला असते आणि खंडेनवमीचा अख्खा दिवस धुण्यापुसण्यात जातो. वर्षभर ज्या मशीनला कुणी फडकं लावलेलं नसतं, तिला त्या दिवशी नवरीसारखं न्हाऊ घालतात. प्लेटिंगवाले त्याच दिवशी टाक्या उपसतात. टाकीच्या तळाशी वर्षाचा गाळ बसलेला असतो, पिवळट हिरवा, नासलेल्या ताकासारखा, आणि विषारी. साहेब म्हणायचे, "एरवी माणूस काय कमावतो ते दिसतंय. आज तो काय फेकतो ते दिसतंय." म्हणून दसऱ्याच्या पेढ्यांचं आमंत्रण असताना हा पाहुणा आदल्या दिवशीच हजर, आणि तोही मागनं.

पहिल्याच वर्षी आम्ही विलासशेठच्या शेडमागं गेलो. विलासशेठ म्हणजे सर्वांत स्वस्त प्लेटिंगवाला, आणि पांढऱ्या कपड्यातला. तो एवढा पांढरा असायचा की दुपारी त्याच्याकडं बघताना डोळ्यांवर हात धरावा लागे. मागं एक कामगार टाकीत पाइप सोडून उभा होता आणि पाइपचं दुसरं टोक ओढ्यात होतं. ओढा हळदीचा झाला होता.

"या साहेब, या!" विलासशेठ हसत आला. "मागनं कसं काय? वाट चुकला जणू. आवो, पूजेच्या आधी घर धुयाला नको व्हय?"

"धुवा की. पण पाणी दुसऱ्याच्या घरात जाऊ लागलंय."

"वडा कुणाच्या बापाचा न्हाई, साहेब."

"तेच म्हणतोय मी. बापाचा असता तर टाकलं नसतं तुम्ही."

परत आल्यावर साहेबांनी विलासशेठचं काम बंद करायचं म्हणून वर कळवलं. वर आमचे मोठे साहेब. ते वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "सोनटक्के, आपण बोल्ट विकत घेतो, ओढे नाही."

शेवटी तोड निघाली. निम्मं काम विलासशेठकडं राहील, निम्मं सोनटक्क्यांनी हवं त्याला द्यावं. ते त्यांनी तुकाराम गोळ्यांना दिलं.

गोळे आमच्याच बाजूचे. भोसरीला प्लेटिंगच्या कारखान्यात हात पिवळे करून घेतले आणि मग स्वतःच्या वावरात शेड टाकली. कामाला चोख. पण गाळ तेही ओढ्यातच सोडत होते. हा ओढा वेगळा, गोळ्यांच्या बांधावरून खाली वाडीकडं जाणारा. साहेबांनी तिथं भांडण काढलं नाही. बांधावर बसले आणि विचारलं, "म्हशी कुठलं पाणी पितात तुमच्या?"

"वड्याचंच की."

"आणि दूध कोण पितंय?"

गोळे ओढ्याकडं बघायला लागले. त्यांची बायको हिराबाई शेडच्या दारातनं म्हणाली, "त्येंच्या ध्यानात आलंय, साहेब. पर गाळ टाकायचा कुटं मंग? डोस्क्यावर?"

"टाकायचाच नाही. वाळवा आणि पिंपात भरा."

"आन ती पिपं?"

"मी बघतो," साहेब म्हणाले.

आपल्या मुलखात कुणी 'बघतो' म्हटलं की ऐकणाऱ्यानं विसरून जायचं असतं. सोनटक्क्यांना ही रीत ठाऊक नव्हती. ते खरंच बघायला लागले. असला गाळ घेणारी सरकारमान्य जागा लांब होती, आणि त्यांना नाव नोंदवलेले मोठे कारखाने हवे होते. गोळ्यांच्या चार पिंपांसाठी त्यांची गाडी यायला तयार नव्हती. मग साहेबांनी आमच्या कंपनीला विचारलं, आपल्या नावावर पाठवू या का? उत्तर आलं, गाळ आपला नाही. आपल्या बोल्टचा आहे, असं साहेबांनी उलट कळवलं. त्याला उत्तर आलं नाही.

पिंपं वाढत गेली. शेडमागं आधी एक ओळ झाली, मग दुसरी. साहेबांनी त्यांच्याखाली विटांचा ओटा करून घेतला, वर ताडपत्री आणली, आणि पावसाच्या आधी रविवारी स्वतः येऊन दोऱ्या आवळून जायचे. हिराबाई म्हणायची, "हे आमच्याकडं येतच न्हाईत बाई, पिपांकडं येत्यात. लेक सासरी दिल्यावानी इचारपूस करत्यात."

एका दसऱ्याला आम्ही गेलो तर तिनं मशीनबरोबर पिंपांनाही हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली.

"हे कामून, हिराबाई?"

"वर्साच्या वर्स हितंच ऱ्हात्यात, खात न्हाईत, पीत न्हाईत, निगूनबी जात न्हाईत. घरचीच म्हनायची की आता. फकस्त लेकीचं लगीन ठरलं तर मांडव कुटं घालू तेवढं सांगून ठिवा. पिपांवर?"

साहेब हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. त्या ओढ्यात पुन्हा खेकडे दिसायला लागले होते. मी स्वतः परातीएवढा खेकडा पाहिला. बरं, वाटीएवढा. पण होता, आणि साहेब त्याच्याकडं असे बघत होते की जणू तोही व्हेंडर आहे आणि त्याचा दर बरोबर आलाय.

गोळ्यांना निम्म्या कामावर समाधान होतं. लेकीचं लग्न झालं, मांडव पुढच्या अंगणात घातला. शेडमध्ये वाडीतलीच माणसं कामाला होती. त्या सगळ्यांची चूल आमच्या कंपनीच्या कामावर पेटायची, आणि ते काम टिकलं होतं एका माणसाच्या शब्दावर. दर वर्षी वरून विचारणा व्हायची, विलासशेठचा दर कमी असताना गोळे कशाला? आणि दर वर्षी सोनटक्के वर जाऊन, उभ्यानं भांडून, ते काम परत आणायचे. भांडून आले की बेसिनवर जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारायचे.

मग आमचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक जागं झालं. त्यांच्याकडून कळवण्यात आलं की यापुढं आमचेच नव्हे, आम्हाला माल देणारेही तपासले जातील. माणसं कशी राबवतात, पाणी कुठं सोडतात, घाण कुठं जाते, सगळं. जो नापास होईल त्याच्याकडून माल घ्यायचा नाही.

सोनटक्के साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या खर्चानं अख्ख्या स्टोअर्सला भजी चारली. "इतकी वर्षं मी एकटा विचारत होतो," ते म्हणाले, "आता गिऱ्हाईकच विचारू लागलंय, स्वस्त कामून म्हणून." विलासशेठची विकेट पडली, असं आम्हीही धरून चाललो. तपासनीस कधी बोलवायचा हे आमच्या हातात होतं. साहेबांनी दिवस निवडला खंडेनवमीचा.

तपासनीस दिल्लीकडचा होता. शांत, सभ्य माणूस, पायात असे बूट की त्यांत त्याला स्वतःचं तोंड दिसावं. साहेबांनी त्याला पहिल्यांदा गोळ्यांकडं न्यायचं ठरवलं. आणि सवयीनं, पुढच्या गेटला गाडी नेलीच नाही. मला म्हणाले, "मागनं घे. खरं ते आधी दिसू दे."

आम्ही बांध उतरलो आणि समोर पिंपं. ओळीनं उभी, गंजलेली, ताडपत्रीखाली, कपाळावर गेल्या दसऱ्याचं कुंकू.

"ये सब क्या है?" तपासनिसानं विचारलं.

"यही तो दिखाना था, सर." साहेबांचा आवाज नवस फेडणाऱ्या माणसासारखा झाला होता. एवढ्यात गोळे हात पुसत आले.

"कब से रखा है?"

"साहेबांनी सांगितल्यापासनं, साब," गोळे म्हणाले. "एक चमचाभी नाले में नहीं डाला. देवाशप्पत."

तपासनिसानं फोटो काढला. मग विचारलं, साठवायची परवानगी आहे? नव्हती. कुणी देतही नव्हतं. साहेब सगळं समजावून सांगत होते, जागा लांब आहे, गाडी येत नाही, कंपनी नाव देत नाही, या माणसानं आपलं पाप आपल्या अंगणात ठेवलंय. तपासनीस मान हलवत होता. मी सांगितलंच, माणूस सभ्य होता. पण त्याच्याजवळच्या छापील यादीत प्रश्न असा होता की आवारात घातक गाळ साठवलेला आहे काय. आणि तो होता.

दुपारी विलासशेठकडं गेलो. तिथंही मागच्या अंगानं. मागं फरशी घातलेली, कुंड्या, तुळस, एक झोपाळासुद्धा.

"आप का कचरा कहाँ जाता है?" तपासनिसानं विचारलं.

"निकलता ही नहीं, सर," विलासशेठ म्हणाला. "नई टेक्निक." आणि भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्र दाखवलं. त्यानं टाक्या श्रावणातच उपसल्या होत्या, ऐन पुरात. त्याच्याच कामगारानं मला नंतर सांगितलं. पुरानं काही मागं ठेवलं नव्हतं.

सोनटक्के ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. वाकले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ओढ्याला कसलाच वास नव्हता.

ते परत आले आणि तपासनिसाला म्हणाले, "ये फेंकता है, सर. मैंने खुद देखा है."

"आज?"

"आज नहीं."

विलासशेठनं सगळ्यांना पेढे दिले. माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला, पेढ्याचा काही दोष नव्हता.

निकाल आला तो तुम्हाला कळलाच असेल. विलासशेठ पास, गोळे नापास. सोनटक्के वर गेले, नेहमीसारखे उभ्यानं भांडायला. या वेळी ते लवकर परत आले. मोठे साहेब त्यांना एवढंच म्हणाले होते, "सोनटक्के, नियम हवेत म्हणून तुम्हीच मागं लागला होतात ना?"

गोळ्यांना सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. ते स्वतः गेले. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दारानं गेले. मी मागं होतो. शेडमध्ये आमचे ब्रॅकेट आकड्यांना टांगलेले, नुकते टाकीतून काढलेले, चकाकत होते. हिराबाईनं चहा दिला. साहेबांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

गोळे ऐकत राहिले. मग अगदी साध्या आवाजात, हिशेब समजून घ्यावा तसं, त्यांनी विचारलं, "मंग वड्यात टाकलं आस्तं तर?"

साहेबांना खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं.

"तर पास झाला असता तुम्ही," ते म्हणाले.

हिराबाईनं कप उचलले. साहेबांचा कप भरलेला होता, तोही उचलला.

गोळे म्हणाले, "बरं. पिपं कदी नेताय?"

"मी बघतो," साहेब म्हणाले. आणि त्या वेळी त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे त्यांना आमच्या सगळ्यांइतकंच कळलं असावं, कारण पुढं ते कधीच तो शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढची एकदोन वर्षं ते नोकरीत होते. सगळं प्लेटिंग विलासशेठकडं जात होतं आणि त्यावर सही सोनटक्क्यांचीच असायची. सही करताना ते कुणाला कामून विचारत नव्हते. बांधाबांधानं जाणं बंद झालं, माझ्या चपला टिकायला लागल्या. खंडेनवमीला ते रजा घ्यायचे. आम्ही काही लोक त्यांची नक्कल करून हसवायचो, ते तसंच चालू ठेवलं, पण हसू लवकर संपायचं.

गोळ्यांची शेड बंद पडली. वाडीतली माणसं पांगली, कुणी हिंजवडीला साफसफाईला लागलं, कुणी मिस्त्रीच्या हाताखाली. गोळे लवळ्याला एका कॉलेजात रखवालदार झाले, आणि त्यांनी शेडची जागा जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्या प्लॉटिंगवाल्याला देऊन टाकली. प्लॉटिंगवाल्यानं एकच अट घातली: जागा मोकळी करून हवी. पिंपं उचलली नाहीत तर मी जेसीबीनं आत गाडून वर माती ओढतो, म्हणाला. त्या जागेच्या खालच्या अंगाला वाडीची विहीर होती.

सोनटक्के तेव्हा निवृत्त होऊन हिंजवडीजवळ जांब्याला मुलाकडं राहत होते. हे त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. बहुतेक हिराबाईनं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते घोटावडे फाट्याजवळ, चहाच्या टपरीवर. भर दुपार. एक टेंपो थांबलेला होता, मागं गंजलेली पिंपं खचाखच, दोरानं बांधलेली, आणि पिंपांच्या मधोमध, एका हातानं दोर धरून, सोनटक्के साहेब बसलेले. ड्रायव्हरशेजारची जागा मोकळी होती. मी हाक मारली. ते उतरले नाहीत, म्हणून मीच चहा वर दिला. हात पिवळे पडले होते. फार वाळले होते. कॉलर मानेभोवती फिरत होती.

"कुठनं, साहेब?"

"त्या जागेवरनं. जिथं गाळ घेतात."

"मग?"

"घेत नाहीत. म्हणाले, कुठल्या कारखान्याचा ते सांगा. सांगितलं, बंद पडलाय. तर म्हणाले, बंद कारखान्याचा गाळ नसतो."

साहेब चहा फुंकत होते. ड्रायव्हर, पोरगेला आणि वैतागलेला, माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, सकाळपासनं फिरतोय. भाडं एका खेपेचं ठरलंय. तुमी तरी सांगा याना, कुटंतरी घाटात ढकलून देऊ, कोन बघतंय?"

साहेबांनी कप माझ्या हातात दिला. "चल," ते त्याला म्हणाले.

"कुटं पर?"

"आधी चल तर."

टेंपो निघाला. पिंपं एकमेकांवर आदळायला लागली तसे साहेबांनी दोन्ही हातांनी दोर धरला. फाट्यावर जाऊन तो पुन्हा थांबला. एक रस्ता पौडला, एक घोटावड्याला, एक मागं पुण्याला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं काहीतरी विचारलं. साहेबांनी काय सांगितलं, सांगितलं की नाही, ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एका मोटरसायकलवाल्यानं पुढं जाता जाता त्यांना शिवी दिली. टेंपो तिथंच उभा होता.